वजन टाइप करू नका: मॉडेलमधला हिशेब ड्रॉइंगवर कसा आणायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये डिझाइनचं काम करणाऱ्या एकाला सॉलिडवर्क्स या थ्री-डी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून पार्टचं वजन, रंगकामाचा एरिया आणि पत्र्याचा ब्लँक साइज (वाकवण्याआधीच्या सपाट तुकड्याचं माप) टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, आपोआप आणायचा आहे. त्याने लिंक टाकून पाहिली. वजन आलं, पण खऱ्याच्या मानाने अगदीच किरकोळ. एरिया आला तो लाखांत. मॉडेल बदललं तरी एका ड्रॉइंगवर जुनाच आकडा राहिला. म्हणून सध्या तो मास प्रॉपर्टीजची, म्हणजे वजन-घनफळाच्या हिशेबाची, खिडकी उघडतो, आकडा बघतो आणि हाताने टाइप करतो. यात चूक कुठे आहे, असं त्याचं विचारणं आहे.

सगळ्यात आधी, हाताने टाइप करणं आजपासून बंद करा. हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, त्याचं कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका वेल्डिंग फिक्श्चरचं (वेल्डिंग करताना भाग जागेवर धरणाऱ्या सांगाड्याचं) ड्रॉइंग केलं होतं. पहिल्या डिझाइनचं वजन ८६० किलो आलं, ते मी टायटल ब्लॉकमध्ये टाइप केलं. पुढे तीन रिव्हिजन झाल्या. बेस प्लेटची जाडी वाढली, गसेट (कोपऱ्यातल्या आधाराच्या पट्ट्या) वाढले, खाली चॅनेलची फ्रेम आली. वजनाच्या चौकटीकडे कुणी पाहिलं नाही, मीही नाही. फिक्श्चर उचलायची वेळ आली तेव्हा फोरमनने ड्रॉइंग वाचून एक टनाचा चेन ब्लॉक लावायला सांगितला. त्याच्या हाताखालच्या जुन्या रिगरला, म्हणजे जड सामान उचलणाऱ्या कामगाराला, मात्र नुसतं बघून शंका आली. "साहेब, हे आठशेचं वाटत नाही," म्हणाला आणि आधी काट्यावर घ्यायला लावलं. काट्याने ११४० दाखवले. त्या माणसाची नजर नसती तर काय झालं असतं, हे मला अजून आठवतं. टाइप केलेला आकडा टाइप केला त्या दिवशी बरोबर असतो. पुढे तो चुकीचा कधी झाला, हे ड्रॉइंग कुणालाच सांगत नाही.

आता तुमच्या अडचणीकडे येतो. आकड्याचा प्रवास तीन ठिकाणांहून होतो. हिशेब पार्ट फाइलमध्ये होतो, तिथून तो कस्टम प्रॉपर्टीत, म्हणजे फाइलसोबत साठवलेल्या नावाच्या रकान्यात, बसतो आणि ड्रॉइंगवरची नोट ती प्रॉपर्टी वाचते. आकडा चुकला की बहुतेक जण ड्रॉइंगमधली नोट खोलून बसतात. उलटं करा. आधी पार्ट उघडा, मास प्रॉपर्टीज बघा. तिथेच आकडा चुकीचा असेल तर ड्रॉइंगचा काही दोष नाही.

तुमचं वजन कमी का येतं, ते न बघताही सांगता येईल: पार्टला मटेरियल लावलेलं नाही. मटेरियल नसलं की सॉलिडवर्क्स १००० किलो प्रति घनमीटर ही डेन्सिटी धरतं, म्हणजे पाण्याची. ४०० बाय २५० ची ६ मिमी प्लेट घ्या. घनफळ ६,००,००० घन मिमी. पोलादाची ७८५० डेन्सिटी धरली तर वजन ४.७१ किलो. मटेरियल न लावता तेच ०.६० किलो. तुमच्या ड्रॉइंगवरचा आकडा खऱ्याच्या साधारण आठवा हिस्सा असेल तर दुसरं कारण शोधूच नका. हेच ०.६० किलो एकदा खरेदी विभागाकडून वेंडरकडे गेलं होतं आणि वेंडरने फोन करून विचारलं होतं, की हा पार्ट प्लास्टिकचा करायचा आहे का. दर किलोवर ठरत असेल तर अशा आकड्यावर आलेलं कोटेशन पुढे भांडणाचं मूळ होतं.

मटेरियल लावतानाही थोडं थांबा. आपल्याकडे प्लेट, अँगल, चॅनेल बहुतेक आयएस २०६२ चे (पोलादाच्या भारतीय मानकाचे) येतात आणि ते नाव लायब्ररीत सापडत नाही, म्हणून माणूस समोर दिसेल ते लावतो. प्लेन कार्बन स्टीलची डेन्सिटी तिथे ७८०० आहे, एआयएसआय १०२० ची ७९००, एएसटीएम ए३६ ची ७८५०. एकाच असेंब्लीत तिघांनी तीन मटेरियलं लावली की एकूण वजन कशाशीच जुळत नाही. कस्टम मटेरियलची एक लायब्ररी करा, त्यात आयएस २०६२ नावाने ७८५० टाका, ती फाइल सर्व्हरवर ठेवा आणि सगळ्यांच्या मशिनवर तोच पाथ द्या. तासाभराचं काम आहे.

आलेला आकडा तोंडी पडताळायची सवयही ठेवा. पत्र्याला जाडी गुणिले ७.८५, म्हणजे चौरस मीटरला किती किलो ते येतं. ६ मिमीला ४७.१. आपली प्लेट ०.१ चौरस मीटर, म्हणजे ४.७१. गोल बारला व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो. २० मिमी बारला २.४७. ही सूत्रं आपल्या भागातल्या कुठल्याही स्टोअरकीपरला पाठ असतात. तुमचं सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळलं नाही तर सॉफ्टवेअरमधलं इनपुट तपासा.

आता प्रॉपर्टी. फाइल मेनूतून प्रॉपर्टीज उघडा. प्रॉपर्टीचं नाव लिहा, समजा "वेट", आणि व्हॅल्यूच्या रकान्यातला ड्रॉपडाऊन उघडा. त्यात मास, डेन्सिटी, व्हॉल्यूम, सरफेस एरिया, मटेरियल असे पर्याय मिळतात. मास निवडलं की रकान्यात एक एक्स्प्रेशन बसतं आणि शेजारी त्याची आत्ताची किंमत दिसते. एखादं डायमेन्शन हवं असेल तर त्याच रकान्यात कर्सर ठेवून मॉडेलवरच्या त्या डायमेन्शनवर क्लिक करा, त्याचं नाव आपोआप येतं. एवढं झालं की ते पार्ट टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नवा पार्ट ज्यावरून सुरू होतो त्या कोऱ्या नमुना फाइलमध्ये, टाका. दर पार्टला नव्याने करायचं ठरवलंत तर चौथ्या पार्टला विसराल.

इथे दोन टॅब आहेत, कस्टम आणि कॉन्फिगरेशन स्पेसिफिक, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका याच जागी होतात. समजा ५० बाय ५० बाय ६ चा अँगल आहे आणि त्याची ३००, ४५० आणि ६०० मिमी अशी तीन कॉन्फिगरेशन्स, म्हणजे एकाच फाइलमधली तीन रूपं, आहेत. वजनं १.३५, २.०३ आणि २.७० किलोच्या आसपास यायला हवीत. वजनाची लिंक कस्टम टॅबमध्ये टाकलीत तर सगळ्या फाइलला मिळून वजनाचा एकच रकाना राहतो. मग तीन शीटवर तीन लांब्या आणि तिन्हीकडे एकच वजन, अशी गत होते. कुठलं वजन? जे कॉन्फिगरेशन चालू ठेवून तुम्ही फाइल सेव्ह केली त्याचं. लिंक कॉन्फिगरेशन टॅबमध्ये टाका, प्रत्येक कॉन्फिगरेशनला. दोन्ही टॅबमध्ये एकाच नावाची प्रॉपर्टी असली तर कॉन्फिगरेशनची चालते आणि तिथे नसली तर कस्टमची घेतली जाते. म्हणून एक कॉन्फिगरेशन विसरलात तरी कसलाही एरर येत नाही. चुकीचा पण पटण्यासारखा आकडा येतो, आणि तोच जास्त घातक.

एरिया लाखांत का दिसतो, हा युनिटचा प्रश्न आहे. त्याच प्लेटचा पृष्ठभाग २,०७,८०० चौरस मिमी भरतो. पावडर कोटिंगवाल्याला यातलं काही नको असतं. आपल्याकडे त्याचा दर चौरस फुटावर चालतो आणि त्याला हवा असतो २.२४ हा आकडा. यासाठी दोन रस्ते आहेत. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये युनिट्सच्या पानावर मास आणि सेक्शन प्रॉपर्टीजचं युनिट लांबीच्या युनिटपासून वेगळं ठेवता येतं. तिथे मीटर निवडलं की एरिया चौरस मीटरमध्ये येतो आणि दशांश स्थळंही तिथेच ठरतात. दुसरा रस्ता इक्वेशन्सचा. एक ग्लोबल व्हेरिएबल करा, त्यात सरफेस एरिया भागिले ९२९०३ लिहा, म्हणजे चौरस फूट मिळतात, आणि प्रॉपर्टीच्या रकान्यात त्या व्हेरिएबलचं नाव डबल अवतरणात द्या. दोन्ही रस्ते एकाच फाइलमध्ये मिसळू नका. आज इक्वेशन मिमी धरून लिहिलं आणि उद्या कुणी युनिट मीटरवर नेलं तर भागाकार चालूच राहतो आणि एरिया जवळजवळ शून्य होतो.

युनिटबद्दल आणखी एक गोष्ट. हिशेबाचं युनिट पार्टचं चालतं. ड्रॉइंगचं युनिट इथे लागू होत नाही. बाहेरून उतरवलेला, इंचात बनवलेला पार्ट असेल तर ४.७१ च्या जागी १०.३८ दिसेल, कारण ते पाउंड आहेत. टायटल ब्लॉकमध्ये "किलो" ही अक्षरं आपण कायमची लिहून ठेवलेली असतात, त्यामुळे बघणाऱ्याला शंकाही येत नाही.

एरिया युनिटने सुटला तरी आणखी एक गोष्ट उरते, आणि पावडर कोटिंगचं बिल तपासणाऱ्याने ती जरूर समजून घ्यावी. सॉफ्टवेअर सगळा पृष्ठभाग मोजतं, रंग लागतो तेवढाच मोजत नाही. ५० बाय ५० बाय ३ चा एक मीटर चौकोनी पाइप घ्या, कोपरे धारदार धरून. बाहेरून ०.२०० चौरस मीटर, आतून ०.१७६. टोकांसकट मॉडेल सांगतं ०.३७७, आणि रंग लागतो बाहेरच्या ०.२०० ला. जवळपास दुप्पट. असेंब्लीत तर एकमेकांना चिकटलेले चेहरेही दोन्ही बाजूंनी मोजले जातात. म्हणून पाइपच्या फ्रेमसाठी मी आतला एरिया इक्वेशनमधून वजा करतो: आतला परीघ गुणिले लांबी, आणि दोन्ही डायमेन्शन्सना नीट नावं देतो, म्हणजे सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही कळतं काय वजा केलं ते. मग प्रॉपर्टीचं नाव "सरफेस एरिया" ठेवत नाही, "पेंट एरिया" ठेवतो. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव असलं की कुणीतरी चुकीची उचलतोच.

ब्लँक साइजचं काम त्या मानाने सोपं आहे. शीट मेटलच्या पार्टमध्ये कट लिस्टच्या (कापायच्या तुकड्यांच्या यादीच्या) प्रॉपर्टीज आपोआप तयार होतात: बाउंडिंग बॉक्सची, म्हणजे तुकडा मावेल त्या आयताची, लांबी आणि रुंदी, पत्र्याची जाडी, बाहेरची आणि आतली कटिंग लेंग्थ, कट-आउट्सची संख्या, बेंड्सची संख्या. ड्रॉइंगमध्ये फ्लॅट पॅटर्नच्या (उलगडलेल्या सपाट आकाराच्या) व्ह्यूवर राइट क्लिक करून ॲनोटेशन्समधून कट लिस्ट प्रॉपर्टीज टाकल्या की सगळं एकत्र येतं. लेझरवाला कटिंग लेंग्थ आणि पिअर्सिंग (काप सुरू करायला पाडलेली भोकं) मोजून दर काढतो. त्याला हे दोन आकडे ड्रॉइंगवरच मिळाले की कोटेशन लवकर येतं आणि त्यात अंदाजाची भर पडत नाही. ही एक सोय बहुतेक लोक वापरतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

फक्त के-फॅक्टर, म्हणजे वाकवताना पत्रा किती ताणला जातो ते ठरवणारा गुणांक, तुमच्या बेंडिंगवाल्याच्या मशिनप्रमाणे हवा. २ मिमी पत्रा, आतली त्रिज्या २ मिमी, १०० चं वेब (मधली बाजू) आणि ५० चे दोन फ्लँज (उभ्या बाजू), मापं बाहेरून, असा यू घ्या. के-फॅक्टर ०.४४ धरला तर ब्लँक १९३.०५ मिमी येतो, ०.३३ धरला तर १९२.३६. दोन बेंडमध्ये ०.७ मिमीचा फरक, आणि ड्रॉइंगवर दोन्ही आकडे सारखेच खरे दिसतात. एक पट्टी कापा, वाका, व्हर्नियरने मोजा आणि त्यावरून के-फॅक्टर काढा.

आता ड्रॉइंगची बाजू. लिंक साध्या शीटवर टाकू नका, शीट फॉरमॅटमध्ये, म्हणजे शीटमागच्या चौकटीच्या साच्यात, टाका. राइट क्लिक करून एडिट शीट फॉरमॅटमध्ये जा, नोट घ्या, लिंक टू प्रॉपर्टीचं बटण दाबा. इथे सॉफ्टवेअर विचारतं की प्रॉपर्टी कुणाची, ड्रॉइंगची स्वतःची की मॉडेलची. मॉडेल निवडा, आणि त्यातही "शीट प्रॉपर्टीजमध्ये नेमलेल्या व्ह्यूमधलं मॉडेल" हा पर्याय. ड्रॉइंगची स्वतःची निवडलीत तर जागा रिकामी राहते, कारण ड्रॉइंगला वजन नसतं. नंतर शीट फॉरमॅट वेगळा सेव्ह करा. जुन्या ड्रॉइंग्जना तो आपोआप लागत नाही. प्रत्येकात शीट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रीलोड करावा लागतो.

शीट प्रॉपर्टीजमध्ये खाली एक छोटी यादी असते, कुठल्या व्ह्यूमधल्या मॉडेलची प्रॉपर्टी वापरायची याची. ती डिफॉल्टवर असली तर शीटवर पहिल्यांदा टाकलेला व्ह्यू धरला जातो. असेंब्लीचा व्ह्यू आधी टाकला, मग पार्टचा, तर पार्टच्या शीटवर असेंब्लीचं वजन येतं. पहिला व्ह्यू नंतर डिलीट केला तर टायटल ब्लॉकमधली माहिती अचानक बदलते आणि माणूस गोंधळतो. एकापेक्षा जास्त मॉडेल असलेल्या शीटवर ही यादी स्वतः हाताने नेमून ठेवा. आणि जागा रिकामी दिसत असेल तर व्ह्यू मेनूतल्या हाइड-शोमध्ये ॲनोटेशन लिंक एरर्स आणि ॲनोटेशन लिंक व्हेरिएबल्स चालू करा. कुठली नोट कुठल्या नावाची प्रॉपर्टी शोधते आहे ते लख्ख दिसतं. बहुतेक वेळा टेम्प्लेटमध्ये "वेट" असतं आणि पार्टमध्ये कुणीतरी "वेट केजी" लिहिलेलं असतं.

जुना आकडा राहण्याचं कारण बहुधा रीबिल्ड, म्हणजे बदलानंतर मॉडेल नव्याने तयार करणं, राहून गेलं हे. कंट्रोल-बी फक्त बदललेली फीचर्स नव्याने करतं, कंट्रोल-क्यू सगळी. ग्लोबल व्हेरिएबलमध्ये मास किंवा एरिया वापरला असेल तर हिशेब कधीकधी एक पाऊल मागे राहतो, कारण इक्वेशन सुटतं तेव्हा नवी भूमिती तयार झालेली नसते. दोनदा कंट्रोल-क्यू करा, सेव्ह करा, मग ड्रॉइंग उघडा. असेंब्ली लाइटवेटमध्ये (पार्टची पूर्ण माहिती न उचलता) उघडली असेल तर आधी रिझॉल्व्ह करा. सेव्ह करताना मास प्रॉपर्टीज अपडेट करायची एक चौकट ऑप्शन्समध्ये आहे, ती चालू ठेवा.

बाहेरून विकत घेतलेल्या वस्तूंचं वेगळं आहे. गिअरबॉक्स किंवा मोटरचं उतरवलेलं मॉडेल बरेचदा आतून भरीव ठोकळा असतं किंवा नुसतं पोकळ कवच. त्याला पोलाद लावून येणारं वजन निरर्थक. मास प्रॉपर्टीजमध्ये ओव्हरराइड करून, म्हणजे हिशेबाचा आकडा बाजूला सारून, कॅटलॉगमधलं वजन टाका, आणि एका वेगळ्या प्रॉपर्टीत "वजन कॅटलॉगप्रमाणे" असं लिहून ठेवा. नाहीतर पुढचा माणूस मॉडेल बदलेल आणि वजन का हलत नाही म्हणून दिवस घालवेल. कॉस्मेटिक वेल्ड बीडचं वजनही मॉडेलच्या मासमध्ये धरलं जात नाही, त्यामुळे मोठ्या फॅब्रिकेशनवर काटा मॉडेलपेक्षा थोडा जास्त दाखवणारच.

सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी रचना हीच राहते. इन्व्हेंटरमध्ये कस्टम प्रॉपर्टींच्या जागी आयप्रॉपर्टीज असतात. तिथेही जेनेरिक मटेरियलची डेन्सिटी पाण्याचीच, आणि अपडेट केल्याशिवाय मास "एन/ए" दाखवतं. क्रिओमध्ये वजनाचं रिलेशन साध्या रिलेशन्समध्ये लिहिलं तर ते आधीच्या भूमितीचं वजन देतं, म्हणून पोस्ट-रीजनरेशनमध्ये, म्हणजे भूमिती नव्याने झाल्यावर सुटणाऱ्या रिलेशन्समध्ये, लिहा. नुसतं ऑटोकॅड वापरत असाल तर फील्ड कमांडने बंद पॉलीलाइनचा एरिया नोटमध्ये आणता येतो, तो रीजन (REGEN कमांड), सेव्ह किंवा प्लॉट केल्यावर ताजा होतो. लायसन्सचा खर्च परवडत नसेल तर फ्रीकॅड घ्या. त्यात स्प्रेडशीटच्या रकान्यात बॉडीच्या शेपचं व्हॉल्यूम मागवलं की घन मिमीमध्ये नुसता आकडा मिळतो. त्याला ०.०००००७८५ ने गुणलं की पोलादाचे किलो. मग ती स्प्रेडशीट टेकड्रॉच्या (फ्रीकॅडमधल्या ड्रॉइंग विभागाच्या) पानावर ठेवायची. नऱ्ह्यातल्या एका छोट्या वर्कशॉपला मी हे बसवून दिलं आहे, तिथे रोज वापरात आहे.

लिंक नीट चालायला लागली की एक नवी जबाबदारी येते. ड्रॉइंग रिलीज झालं, वेंडरकडे गेलं, आणि नंतर कुणी मॉडेलला हात लावला किंवा नुसती मटेरियल लायब्ररीतली डेन्सिटी दुरुस्त केली, की तुमच्या फाइलमधला आकडा रिव्हिजन नंबर न बदलता बदलतो. म्हणून रिलीज करताना पीडीएफ काढा आणि वाद झाला तर तीच पीडीएफ प्रमाण माना. रिलीज झालेली मॉडेल फाइल रीड-ओन्ली करा. वजनाच्या आधी "अंदाजे" लिहा आणि दशांशाच्या पुढे दोनच आकडे ठेवा. रोलिंगमध्ये प्लेटच्या जाडीलाही टॉलरन्स असतो, त्यामुळे ४.७१०३ किलो लिहून काही साधत नाही, उलट इन्स्पेक्शनवाला ते पाळायचं माप समजून बसतो.

जुन्या ड्रॉइंग्जचं काय, हा पुढचा प्रश्न तुम्हाला पडेलच. सगळी एकदम करायला घेऊ नका. आधी जे काही क्रेनने, होइस्टने किंवा फोर्कलिफ्टने उचललं जातं त्याची यादी काढा आणि तेवढ्यांची वजनं लिंकवर आणा. मग किलोच्या दरावर बाहेर जाणारी जॉब वर्कची ड्रॉइंग्ज, मग पावडर कोटिंगची. त्यातल्या पहिल्या पाच वस्तू प्रत्यक्ष काट्यावर घ्या आणि आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. कुठल्या पार्टचं मटेरियल राहिलं आहे आणि कुठे ओव्हरराइड हवा आहे, ते त्या कागदावरच सापडेल.